पाहुण्याचा विनोद आणि चुलीचा हिशेब

दिवाळी अंक हाती आले की आम्ही अनुक्रमणिकेत एक लेख हटकून शोधतो, आणि तो बहुतेक वेळा सापडतोच. सणासुदीला घरी येऊन ठाण मांडणाऱ्या पाहुण्याचा तो विनोदी लेख. पाहुणा पहाटे उठून खाकरतो, दोन वेळा अंघोळीला गरम पाणी मागतो, चकलीला नावे ठेवतो, परतीच्या तिकिटाचा विषय निघाला की ऐकू न आल्यासारखे करतो. निवेदक हा घरचा कर्ता पुरुष असतो. तो दात-ओठ खात सोसतो आणि शेवटी पाहुणा गेल्यावर (किंवा दुसरा पाहुणा दारात उभा राहिल्यावर) लेख संपतो. वाचक हसतो. आम्हीही हसत आलो आहोत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा सुरू केली, तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. इतक्या वर्षांत आपण या पाहुण्याकडे एकाच खुर्चीत बसून पाहत आलो. ती खुर्ची बैठकीच्या खोलीतली आहे, आणि आमचे भांडण तिच्याशी आहे.

हा विनोद प्रामुख्याने शहरातल्या दोन खोल्यांचा आहे. जागा अपुरी, पगार ठरलेला, नळाचे पाणी वेळेवर येणारे आणि वेळेवर जाणारे. अशा घरात जास्तीचा एक माणूस म्हणजे गणित बिघडणे. त्या घरातून हा विनोद जन्मला यात नवल नाही, आणि त्याला आमची हरकतही नाही. हरकत आहे ती हाच एक विनोद सर्व मराठी घरांचा अनुभव म्हणून चालवण्याला. आम्ही लिहितो ते गोंदिया जिल्ह्यातून. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला आहे. धानाच्या बांध्या, तलाव, जंगल. बाजारात हिंदी, घरात पोवारी, गोंडी, हलबी, झाडीबोली. इथे पाहुणा हा अपघाताने दारात येत नाही. त्याच्यासाठी एक अख्खा हंगाम राखून ठेवलेला आहे. त्याचे नाव मंडई.

ज्यांना मंडई म्हणजे फक्त भाजीबाजार ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. दिवाळीतली गायगोधनाची पूजा आटोपली, भाऊबीज आली की झाडीपट्टीतली गावे आपापली मंडई भरवू लागतात. दिवसा दुकाने, पाळणे, गोवाऱ्यांचे नाच, कुठे दंडार, रात्री नाटक. नाटक उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या नाटक मंडळ्यांचे ठाणे, आणि त्यांचा हंगाम दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या रंगभूमीची पुन्हा एकदा आठवण झाली. पण रंगभूमीचे कौतुक करणारे सहसा एक गोष्ट विसरतात. रात्रभर नाटक पाहणारा तो प्रेक्षक जेवतो कुठे, झोपतो कुठे? गावात लॉज नाही. तो कुणाचा तरी सोयरा असतो. तो कुणाच्या तरी छपरीत पाठ टेकतो, कुणाच्या तरी चुलीवरचे वडे आणि रस्सा खातो. झाडीपट्टीची रंगभूमी तिकिटावर जितकी चालते, तितकीच ती घराघरांतल्या पाहुणचारावर चालते.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो एका दिवशी येत नाहीत. आज आमच्याकडे, परवा तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात मामाच्या गावी. म्हणजे प्रत्येक घर हंगामात एकदा यजमान होते आणि अनेकदा पाहुणे. जो आज वाढतो तो उद्या जेवतो. सोयरिकी जुळतात, उसनवारी फिटते, रुसवे निघतात. हे चक्र फिरते आहे तोवर ‘पाहुण्याचा ताप’ ही कल्पनाच इथे लागू पडत नाही, कारण पाहुणा आणि यजमान ही दोन वेगळी माणसे नाहीत. इथवर आम्हाला आमच्या मुलुखाचा अभिमान वाटतो. पुण्या-मुंबईच्या विनोदी लेखकाला आम्ही छाती काढून सांगू शकतो की बाबा रे, तुझा विनोद आमच्या गावाच्या वेशीबाहेर ठेव.

पण छाती काढण्याआधी एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्यानेच हा लेख लिहायला भाग पाडले.

आमच्यापैकी एकाच्या घरी, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, मंडईला मामाजी आले. दूरचे नाते, मोठा मान. नाटक संपले, पहाट झाली, बाकीचे सोयरे चहा घेऊन आपापल्या गावी गेले. मामाजी राहिले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. होता होता एकोणीस दिवस. पहाटे पाचला पाणी तापलेले हवे. चहा दोनदा, दुसरा बिनदुधाचा. सकाळची भाजी रात्री चालायची नाही. शेजारच्या पोराला खर्रा आणायला पिटाळायचे आणि तो येईस्तोवर घरातल्या सर्वांचे दोष सांगायचे. बाहेर हलके धान कापून बांधीत पडलेले, भारी धान कापणीला आलेले, मजूर मिळेनात. आणि घरात हा थाट. ‘मामाजी, केव्हा निघता?’ हे विचारण्याची प्राज्ञा कुणालाच नव्हती.

ते गेल्यावर आमच्या मित्राने यावर एक ललित लेख लिहिला. चांगला लिहिला. आमच्या बैठकीत त्याने तो वाचून दाखवला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मामाजींच्या खाकरण्याची त्याने केलेली नक्कल तर अफलातून होती. चहाचा ट्रे घेऊन त्याची पत्नी दारात उभी होती. तिने शेवटपर्यंत ऐकले, कप खाली ठेवले आणि म्हणाली, ‘लेख चांगला झाला जी. पण एकोणीस दिवस सयपाक कोणी केला, ते नाही लिहिलं तुम्ही.’

मग थोडे थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या मित्रालाही लक्षात राहिली नव्हती. त्या एकोणीस दिवसांत तिच्या माहेरची मंडई येऊन गेली होती. घरात पाहुणा असताना घरची बाई कशी जाणार? ती गेली नाही. वर्षातून एकदा येणारा तिचा पाहुणी होण्याचा दिवस बुडाला. लेखात मामाजींच्या चहाचे पाच वेगवेगळे उल्लेख होते. याचा एकही नव्हता.

त्या दिवशी आमच्या मंडईच्या चक्राला पडलेले छिद्र आम्हाला दिसले. आज यजमान, उद्या पाहुणा, हे खरे, पण कुणासाठी? पुरुष आपल्या गावी यजमान असतो तेव्हा छपरीत बसून गप्पा मारतो आणि परगावी पाहुणा असतो तेव्हाही छपरीत बसूनच गप्पा मारतो. बाई आपल्या गावच्या मंडईला चुलीपाशी असते. परगावच्या मंडईला गेली तरी तासाभरात पदर खोचून तिथल्या चुलीपाशी बसते, कारण तिथल्या बाईला एकटीला इतके रांधणे झेपत नाही हे तिला कळते. फेड पुरुषाची होते. बाईच्या खात्यावर दोन्हीकडे खर्चच.

आणि आपले साहित्य? ते या हिशेबात कुठे उभे आहे? विद्यार्थ्यांना आम्ही वर्गात अतिथीला देव मानणारा तैत्तिरीय उपनिषदातला उपदेश शिकवतो. तो शिक्षावल्लीत येतो, अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू तो करतो. म्हणजे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला दिलेले ते वचन आहे. ते पाळायचे कुणाच्या हातांनी, हा प्रश्न त्या निरोपसमारंभात उपस्थित होत नाही. पुढे पर्यटन खात्याने त्याच वचनाची जाहिरात केली. तीतही भांडी कोण घासणार हे आले नाही.

दुर्वासाचे उदाहरण घ्या. भारतीय वाङ्मयातला हा सर्वांत अवघड पाहुणा. वनपर्वात तो शिष्यांचा लवाजमा घेऊन पांडवांकडे येतो तेव्हा द्रौपदीचे जेवण झालेले असते आणि म्हणून सूर्याने दिलेली थाळी रिकामी असते. कृष्ण येतो, भांड्याला चिकटलेले भाजीचे पान खातो आणि सगळे तृप्त होतात. कीर्तनकार या कथेतून कृष्णाचा महिमा सांगतात. आम्ही विद्यार्थ्यांना विचारू इच्छितो की त्या थाळीचा नियम काय होता? द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपत नाही. ती जेवली की संपते. म्हणजे घरातली बाई सर्वांत शेवटी जेवणार हे गृहीत धरूनच सूर्याने ते वरदान दिले! इतरांची भूक अक्षय, तिची भूक म्हणजे पूर्णविराम.

अनुशासनपर्वात हाच दुर्वास खुद्द कृष्णाच्या घरी राहतो. कधी हजारोंचे अन्न एकटा खातो, कधी घासभर, अंथरुणे जाळतो, खीर मागवून ती कृष्णाला अंगभर फासायला लावतो. आणि अखेर रुक्मिणीला रथाला जुंपून तिला चाबकाने हाकतो. कृष्ण हे सोसतो म्हणून ऋषी प्रसन्न होतो. परीक्षा कृष्णाची, जू रुक्मिणीच्या मानेवर. आणि आमची चांगुणा? श्रियाळ राजाचे सत्त्व पाहायला शंकर अतिथीच्या रूपाने येतो, मुलाचे मांस मागतो, आणि चिलया बाळाचे मस्तक उखळात कांडायचे काम कुणाला करावे लागते? आईला. कथेच्या शेवटी मूल परत मिळते, म्हणून आपण तिला मंगल म्हणतो. कांडण मात्र कुणी परत घेतलेले नाही.

ही जुनी उदाहरणे झाली असे कुणी म्हणेल. तर आधुनिक घेऊ. शरद जोशी यांचा अतिथीवरचा हिंदी लेख नववीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आला आणि त्याच्या शीर्षकाचा आधार घेत २०१० साली चित्रपटही निघाला. लेख उत्तम आहे, हे निःशंकपणे मान्य. पण त्यातल्या पत्नीच्या वाट्याला काय येते? विस्फारलेले डोळे आणि एखाददुसरा प्रश्न. उद्गार, वैताग, तत्त्वचिंतन सारे नवऱ्याचे. १९३९ साली कॉफमन आणि हार्ट यांनी लिहिलेल्या अमेरिकन नाटकात नाताळच्या दिवसांत एक प्रसिद्ध पाहुणा घसरून पडतो आणि यजमानांच्या घराचा ताबाच घेतो. तिथेही प्रकाशझोत पाहुण्यावरच. याउलट मोलिएरचे ‘तार्त्युफ’ पाहा. १६६४ साली प्रथम सादर झालेल्या त्या नाटकात घरात घुसलेल्या ढोंग्याला घरधनी ओळखत नाही. ओळखते ती दोरीन नावाची दासी, आणि त्याला उघडा पाडते ती घरधनीण. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या बाजूने बोलण्याचे धैर्य एका विनोदी लेखकाने दाखवले. तेव्हा विनोदाच्या प्रकृतीतच हे बसत नाही, ही सबब आम्हाला मान्य नाही.

कुणी असेही म्हणेल की तुम्ही पाहुण्याला निष्कारण खलनायक करता. म्हातारा माणूस, एकटा, त्याला कुठे जायचे? हा आक्षेप आम्हाला मोलाचा वाटतो. सत्यजित राय यांच्या १९९१च्या ‘आगंतुक’मध्ये पाहुण्यावर संशय घेणारे घरच स्वतःच्या परीक्षेत नापास होते, आणि त्याला नातलग म्हणून स्वीकारण्याकडे सर्वांआधी झुकते ती घरची बाई. मामाजीही कदाचित एकटे असतील. त्यांच्या गावी त्यांना विचारणारे कुणी नसेल. आमच्या मित्राच्या लेखात तेही नव्हते! तिथे मामाजी हे फक्त खाकरणे होते, आणि त्यांना रांधून घालणारी बाई तेवढीही नव्हती. ज्या लेखनाला पाहुण्याचे दुःख दिसत नाही आणि यजमानिणीचे श्रमही दिसत नाहीत, त्याला मग दिसते तरी काय? लेखकाची गैरसोय. तीही मामुली.

बायकांनी मात्र पाहुण्याविषयी फार पूर्वीच लिहून, म्हणजे गाऊन, ठेवले आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर जाते. त्यांत दिवाळीला न्यायला येणाऱ्या भावाची वाट पाहणे हा वारंवार येणारा विषय आहे. तिथे पाहुणा नकोसा नाही, हवासा आहे. कारण तो आला तरच तिला स्वतःला चार दिवस पाहुणी होता येते. मराठीतली पाहुण्याची खरी कविता ही आहे. ती दिवाळी अंकात छापली गेली नाही एवढेच.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. मराठीच्या शिक्षकांनी दुर्वासाची कथा शिकवताना थाळीचा नियम फळ्यावर लिहावा. विद्यार्थ्यांना ‘आमच्याकडे आलेला पाहुणा’ हा निबंध द्यायचा असेल तर सोबत एक अट घालावी: त्या दिवसांत घरात कोण किती वाजता उठले आणि कोण किती वाजता जेवले, हे लिहिल्याशिवाय निबंध पुरा धरला जाणार नाही. आणि मंडईच्या, झाडीबोलीच्या वैभवाविषयी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी रात्रीच्या नाटकाचे वर्णन करण्याआधी सांदवाडीत रचलेल्या उष्ट्या भांड्यांचा ढीग एकदा मोजून यावा.

आमच्या मित्राने तो ललित लेख अजून कुठे पाठवलेला नाही. तो नव्याने लिहितो आहे, असे म्हणतो. आम्ही त्याला इतकेच सुचवले की या वर्षी सासुरवाडीच्या मंडईला पत्नीला वेळेवर पोचवून ये, आणि तिथे गेल्यावर तिला चुलीपाशी बसू देऊ नकोस. लेखाचे नंतर पाहू.