भीतीची रोजकीर्द

आमच्या वस्तीतील एका भगिनीने मागच्या वर्षी ऐन पावसाळ्यात आम्हांला घरी बोलावून घेतले. तिची मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरलेला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सगळे जोडलेले. राहिले होते एवढेच की, अर्जाची छापील प्रत कॉलेजच्या खिडकीवर नेऊन द्यायची. ती मुलीने दिलीच नाही आणि मुदत निघून गेली. पुस्तकात घडी घालून ठेवलेली ती प्रत आईच्या हाती लागली तेव्हा घरात रडारड झाली. बाप हमाली करतो. त्याने हात उगारला होता.

"भाऊ, पोरगी आळशी न्हाई हो. घरातलं समदं करती. मग येवढंच का केलं न्हाई?" हा त्या माउलीचा प्रश्न.

आम्ही मुलीला जवळ बसवून घेतले. बऱ्याच वेळाने ती बोलली. "मामा, मी चार वेळा गेले होते. खिडकीपाशी गेलं की घसा सुकायचा. मागं रांग. सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटायचं. मग परत यायची."

आम्ही स्वतः कारकून. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून वीस वर्षे झाली. "इथे नाही, पलीकडे जा" म्हणून आम्ही किती जणांवर खेकसलो असू आणि त्यांतले किती जण पलीकडे न जाता थेट घरी गेले असतील, हा विचार त्या दिवशी प्रथम मनात आला. असो.

आपल्याकडे अशा मुलामुलींसाठी एक शब्द तयार असतो. न्यूनगंड. सभेत वक्ते तो वापरतात, शिक्षक वापरतात, आम्हीही भाषणांतून वापरला आहे. शब्द लावला की आपले काम संपले असे वाटते. अंग तापले तर आपण थर्मामीटर लावतो, पण माणसांत वावरण्याची भीती मोजायची गोष्ट आहे असे आपल्याला वाटत नाही. मानसशास्त्रातील मंडळी मात्र गेली पन्नासहून अधिक वर्षे ती मोजत आहेत. "लोक आपल्याला नावे ठेवतील" या धास्तीची पहिली नावाजलेली प्रश्नावली १९६९ सालची आहे.

सर्वांत जास्त वापरली जाते ती न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लीबोविट्झ यांनी १९८७ साली केलेली मोजपट्टी. तीत २४ प्रसंग आहेत. साहेबाशी बोलणे, लोक आधीच बसलेले आहेत अशा खोलीत शिरणे, कोणी बघत असताना लिहिणे, चारचौघांत जेवणे, दुकानात वस्तू परत करणे, पटले नाही तर तसे सांगणे, सार्वजनिक मुतारीत जाणे, असे साधेच प्रसंग. प्रत्येकाला दोनदा गुण द्यायचे. भीती किती वाटते, ० ते ३. आणि तो प्रसंग किती टाळता, तेही ० ते ३. एकूण १४४ गुण. साधारणपणे ३० च्या आत काळजी नाही. ६० च्या वर गेले तर भीतीने रोजच्या जगण्यावर बराच कब्जा केला आहे असे धरतात.

यातला दुसरा रकाना आमच्या मते लाखमोलाचा. घरच्यांना भीती दिसते ती रडण्यात, थरथरण्यात, अडखळण्यात. पण जो लग्नाला जातच नाही, रेशनच्या दुकानात धाकट्या भावाला पाठवतो, मुलाखतीच्या दिवशी ज्याचे हमखास पोट दुखते, त्याच्या तोंडावर भीती दिसणार कुठून? तो घरात शांत असतो. आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "आमची पोरगी कुठं जात नाही, येत नाही." मुलीच्या बाबतीत तर तो गुणच ठरतो. टाळण्याचा रकाना भरला की हे कौतुक उघडे पडते. काही जण टाळत नाहीत पण आधार घेऊन जातात. मोबाईलमध्ये डोके घालून उभे राहणे, मैत्रिणीला पुढे करणे, आणि पुरुषमंडळींत घोटभर घेतल्याशिवाय चार लोकांत न बोलणे. दारूच्या प्रत्येक बाटलीमागे भीती असते असे आमचे म्हणणे नाही. पण काहींच्या मागे असते, आणि तिकडे कोणी पाहत नाही.

वेळ नसेल तर तीनच प्रश्नांची चाचणी आहे. फजिती होईल म्हणून कामे किंवा बोलणे टाळता का? सर्वांच्या नजरा आपल्यावर येतील अशा गोष्टी टाळता का? लोकांत हसे होणे ही तुमच्या सर्वांत मोठ्या भीतींपैकी एक आहे का? प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण १२. बेरीज ६ किंवा जास्त झाली तर तज्ज्ञाला दाखवावे. बेरीज म्हणजे रोगाचा शिक्का नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या.

आता या प्रश्नावल्यांतली एक अडचण. त्या आठवणीवर चालतात. आमचे शिक्षण बी. कॉम. त्यामुळे उदाहरण हिशेबाचेच सुचते. दुकानदाराने रोजकीर्द लिहिली नाही आणि मार्चअखेर आठवून आठवून ताळेबंद केला, तर तो कसा असेल? मोठी उधारी आठवेल, कालचा खर्च आठवेल, मधले सगळे गळेल. भीतीचेही तसेच. सर्वांत वाईट प्रसंग आणि अगदी शेवटचा प्रसंग मनात फुगून बसतात. ज्या दहा वेळा काहीच बिघडले नाही त्या नोंदीच राहत नाहीत.

म्हणून संशोधकांनी रोजकीर्दीचाच मार्ग धरला. १९७० च्या दशकात शिकागोमध्ये मिहाय चिक्सेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांजवळ पेजर दिले. हो, तेच पेजर, जे आपल्याकडे नव्वदीत साहेबलोकांच्या कमरेला दिसत. दिवसातून अनेकदा, केव्हाही तो वाजे. वाजला की त्या क्षणी कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत, मनात काय चालले आहे, हे लिहायचे. आज हेच काम मोबाईलवर होते. मनगटी घड्याळे नाडीचे ठोकेही मोजतात. पण तीन मजले चढून आलेल्याचे ठोकेही वाढलेले असतातच. नुसत्या ठोक्यांवरून भीती कळत नाही.

आम्ही त्या मुलीला शंभर पानी वही आणून दिली आणि रकाने आखून दिले. तारीख आणि ठिकाण. जाण्याआधीची भीती, १० पैकी किती. प्रत्यक्ष त्या वेळी किती. घरी आल्यावर किती. गेलो की टाळले. आणि शेवटचा मोठा रकाना, काय घडले. हा रकाना आमच्या मनाने घातला. लीबोविट्झसाहेबांच्या मोजपट्टीत तो नाही.

चौदा दिवसांनी वही पाहिली. किराणा दुकान: आधी ६, तिथे ३. बसमध्ये कंडक्टरकडे सुटे पैसे मागितले: आधी ८, तिथे ४, घरी १. वर्गात हजेरी: आधी ७, तिथे ५. बहुतेक ठिकाणी आधीचा आकडा मोठा आणि प्रत्यक्षातला लहान. तिने स्वतःच आकड्यांवर बोट ठेवून म्हटले, "मामा, जायच्या आधीच जास्त होतंय." ही गोष्ट आम्ही शंभर वेळा सांगितली असती तरी तिला पटली नसती.

पण कॉलेजच्या खिडकीपुढची एक नोंद वेगळी होती. आधी ९, तिथे ९, घरी ९. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, "'तुमचं काय बाई, सगळं फुकट' असं मोठ्यांदा म्हणाले. रांगेतली दोघं हसली."

इथे थर्मामीटर बाजूला ठेवावा लागतो. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीला गेले. जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. आपण कोण हे उघड होईल, ही त्या दिवसांतली धास्ती काही मनाचा आजार नव्हती. काठ्या खऱ्या होत्या. आडनाव विचारताच ज्याची छाती धडधडते, त्याला "तुझा न्यूनगंड काढ" असे सांगणारा त्याच्यावर दुहेरी अन्याय करतो. उलट, प्रत्येक भीतीला जातीचा अपमान हेच कारण देऊन कंडक्टरपुढच्या भीतीचा उपचारच न करणे, हेही आपल्या पोरांचे नुकसानच. दोन्ही खाती वेगळी हवीत. शेवटचा रकाना त्यासाठी.

खिडकीवरच्या त्या शेऱ्याबद्दल मुलीचे वडील आणि आम्ही दोघे प्राचार्यांना लेखी तक्रार देऊन आलो. पोच घेतली. माफी मिळाली नाही, पण त्या खिडकीवर आता दुसरे गृहस्थ बसतात.

उरलेल्या भीतीसाठी तिला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. केसपेपरला किरकोळ पैसे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी वही मागितली, मग प्रश्न विचारले. हे सहा महिन्यांहून जास्त चालले आहे का, शिक्षण किंवा काम त्याने अडले आहे का, हे त्यांनी नीट पाहिले. गोळी दिली नाही. सोप्यापासून अवघड प्रसंगाकडे पायरीपायरीने कसे जायचे ते ठरवून दिले आणि महिन्यातून दोनदा बोलावले. ज्यांना दवाखान्यात जाणेच अवघड वाटते, त्यांनी टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. फोनचीच भीती असेल तर पहिले वाक्य कागदावर लिहून समोर ठेवावे.

बापाची समजूत घालायला जास्त वेळ लागला. "एवढ्या पोरीला काय वेड लागलंय का?" असे ते म्हणत. आम्ही त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांना वाचता येते ते जेमतेम. आकडे मात्र वाचले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. यंदा तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरला. प्रत द्यायला ती एकटी गेली. संध्याकाळी वही दाखवायला आली. आधी ७, खिडकीवर ५, घरी २. काय घडले, या रकान्यात लिहिले होते: "शिक्का मारून दिला. माझ्याकडे पेन मागितला. परत द्यायला विसरले."