घड्याळाचा निवाडा
तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या नानांना या आठवड्यात मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने जी अंक-चिन्हांची कसोटी दिली, ती दिसावयास अगदी साधी: एक ते नऊ या अंकांना एकेक खूण नेमून दिलेली, आणि खालच्या ओळींतील अंकांखाली त्या त्या खुणा ठराविक मुदतीत जितक्या भरता येतील तितक्या भरावयाच्या. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली आपल्या बुद्धिमापनश्रेणीत घेतलेली ही कसोटी आजही वापरात आहे. नाना प्रत्येक चौकटीगणिक वरच्या तक्त्याकडे पाहून खातरजमा करीत होते, त्यांची नात सरसर पुढे निघून गेली. नातीच्या खुणा पुष्कळ झाल्या, नानांची एकही चुकली नाही. या तफावतीला बुद्धीचे मांद्य म्हणणे हा धडधडीत अन्याय होय. कारण २०२२ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी दहा लाखांहून अधिक लोकांच्या प्रतिसादकालाचे पृथक्करण केले, तेव्हा निर्णयाचा मूळ वेग साठीपर्यंत फारसा ढळत नाही आणि विशीनंतर वाढणाऱ्या विलंबाचे कारण वाढती सावधगिरी व मंदावणारा हात हे आहे, असे दिसून आले. (साठीनंतर वेगही उतरतो, हे त्याच अभ्यासात आहे आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही.) सातबाऱ्यावरील एका आकड्याच्या कसुरीने कुणाची जमीन जाऊ नये म्हणून ज्याने उभी हयात प्रत्येक नोंद दोनदा ताडून पाहिली, त्याच्या गुणपत्रिकेत वेगाचा आणि अचूकतेचा रकाना स्वतंत्र असलाच पाहिजे, आणि तो शिरस्ता परीक्षकांनी विनाविलंब पाडावा.