विश्लेषण : सुट्या बाथटबची हौस परत का आली? पाणी, वीज आणि वजनाचा हिशेब काय सांगतो?

खिडकीजवळ, भिंतीपासून सुटा ठेवलेला पांढराशुभ्र टब. आलिशान फ्लॅट, सेकंड होम आणि रिसॉर्टच्या जाहिरातींत हे चित्र हल्ली सारखे दिसते. पालघर-बोईसर पट्ट्यातही बांधकाम वाढते आहे. वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. मात्र याच पट्ट्यातील दांडीसारख्या गावांसाठी सरकारी नळयोजनेचा निकष माणशी रोज किमान ५५ लिटर पाण्याचा आहे. मध्यम आकाराचा टब एकदा भरायला साधारण २२० लिटर लागतात. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाचे दिवसभराचे पाणी. ही हौस आली कुठून आणि तिचा खरा खर्च किती, याचा हा आढावा.

फ्रीस्टँडिंग बाथटब म्हणजे नेमके काय?

नेहमीचा टब दोन किंवा तीन बाजूंनी भिंतीत बसवलेला असतो आणि समोरच्या बाजूला टाइल्स लावलेल्या असतात. फ्रीस्टँडिंग टब कोणत्याही भिंतीला चिकटलेला नसतो. तो स्वतःच्या पायांवर किंवा सपाट तळावर उभा असतो. चारही बाजूंनी दिसत असल्याने तो बाहेरूनही गुळगुळीत लागतो. त्याचा नळ अनेकदा थेट जमिनीतून वर आलेला असतो आणि सांडपाण्याची जोडणी टबखाली असते. साधारण लांबी १.७ मीटर आणि रुंदी ०.७५ मीटर. स्वच्छतेसाठी चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, ती वेगळीच.

टबचा इतिहास किती जुना?

ग्रीसच्या क्रीट बेटावरील नोसोस राजवाड्यात भाजलेल्या मातीचा टब सापडला. तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याहून जुने मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे. पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या विटांमागे डांबरासारख्या पदार्थाचा थर दिला होता. पण तो सार्वजनिक हौद होता, घरातला टब नव्हे.

आज ज्याची नक्कल विकली जाते तो ‘पंजाच्या पायांचा’ टब एकोणिसाव्या शतकातला. ओतीव लोखंड गंजते, म्हणून त्यावर एनॅमलचा काचेसारखा थर चढवण्याची पद्धत आली. अमेरिकेत ही पद्धत विकसित करणाऱ्यांपैकी एक डेव्हिड बुइक. पुढे ‘बुइक’ मोटारींना नाव मिळाले ते त्यांचेच. कोहलर कंपनी आपल्या पहिल्या टबचा उगम १८८३ मध्ये सांगते. जनावरांसाठीच्या लोखंडी हौदावर एनॅमल चढवून आणि त्याला चार पाय लावून तो विकला गेला, असा कंपनीचा दावा आहे.

‘पहिला बाथटब १८४२ मध्ये’ ही गोष्ट खरी का?

नाही. अमेरिकेतला पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटीत बसला आणि डॉक्टरांनी त्याला विरोध केला, अशी कथा अजूनही फिरते. ती पत्रकार एच. एल. मेन्केन यांनी २८ डिसेंबर १९१७ रोजी ‘न्यूयॉर्क इव्हनिंग मेल’मध्ये गंमत म्हणून रचून लिहिली होती. लोकांनी ती खरी मानली. १९२६ मध्ये मेन्केन यांनी ती बनावट असल्याचे स्वतः जाहीर केले, तरी ती थांबली नाही.

आपल्याकडे टब नव्हता का?

होता, पण त्याचे काम वेगळे होते. जुन्या मराठी घरात न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटायचा आणि कढत पाणी घंगाळात विसणले जायचे. घंगाळ म्हणजे तांब्या-पितळेचे मोठे, पसरट भांडे. त्यात बसायचे नाही, त्यातून तांब्याने पाणी अंगावर घ्यायचे. वाहते पाणी शुद्ध, अंगावरून गेलेले पाणी पुन्हा घ्यायचे नाही, ही समजूत त्यामागे होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत जस्ताचा मुलामा दिलेले सुटे टब असत. ते नोकर हाताने भरत आणि रिकामे करत. त्यामुळे टब ही ‘साहेबी’ वस्तू ठरली.

बसण्याचा टब मराठी मुलखात रुजला तो निसर्गोपचारातून. जर्मन उपचारक लुई कुन्हे यांच्या कटिस्नानाचा महात्मा गांधींवर प्रभाव होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू झाले. कटिस्नानाच्या टबमध्ये पाय बाहेर ठेवून फक्त कंबरेपर्यंत बसतात, त्यामुळे पाणी मोजकेच लागते. गरम पाण्यात डुंबायचे असेल तर पालघर जिल्ह्यात निसर्गाचीच सोय आहे. सातिवली, कोकनेर, हलोली येथे गरम पाण्याचे झरे आहेत.

सुटा टब मागे का पडला आणि परत का आला?

पायांवरच्या टबखाली धूळ आणि ओल साचत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आरोग्याबद्दलची जागरूकता वाढली आणि घरे आटोपशीर झाली. तेव्हा भिंतीत बसणारा एकसंध टब सोयीचा ठरला. त्यावरच शॉवर लावता येत असल्याने जागाही वाचली.

परत येण्याचे मोठे कारण साहित्य. ओतीव लोखंडाचा टब रिकामा असतानाच दीडशे किलोच्या आसपास भरतो. ॲक्रिलिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढतात आणि मागून फायबरग्लासचा आधार देतात. असा टब साधारण ४० ते ५० किलोंचा होतो आणि लिफ्टने वर नेता येतो. दुसरे कारण त्याचे दिसणे. भिंतीतला टब फोटोत लपतो, सुटा टब खोलीच्या मध्यभागी शोभेच्या वस्तूसारखा उठून दिसतो. हॉटेलांनी हे आधी ओळखले, मोबाइलवरच्या रील्सनी ते घराघरांत पोहोचवले.

टबमध्ये डुंबण्याचा फायदा होतो का?

काही प्रमाणात होतो. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने स्नान केल्यास झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असे त्यात आढळले. पण त्यात शॉवरचाही समावेश होता, म्हणजे टबच हवा असे नाही. जपानमध्ये आधी बाहेर अंग धुतात आणि मगच टबात उतरतात. पाणी स्वच्छ राहत असल्याने तेच पाणी घरातील सगळे वापरतात. टब तिथे अंग धुण्यासाठी नसून विसाव्यासाठी आहे. आपल्याकडे मात्र दर वेळी, दर माणसागणिक नवा टब भरला जाण्याचीच शक्यता अधिक.

पाणी आणि वीज किती लागते?

एक बादली आणि तांब्यावर आंघोळ १५ ते २० लिटरमध्ये होते. पाच मिनिटांचा शॉवर साधारण ४० ते ५० लिटर घेतो. टबचे २२० लिटर म्हणजे किमान ११ बादल्या. गच्चीवर ५०० लिटरची टाकी असेल तर जवळपास निम्मी एका वेळेत संपते.

२२० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ३.८ युनिट वीज लागते. खरी अडचण गिझरची. २५ लिटरच्या गिझरमधील ६० अंशांचे पाणी थंड पाण्यात मिसळले तर ४० अंशांचे जेमतेम ५८ लिटर पाणी मिळते. म्हणजे टब भरायला गिझर जवळपास चार वेळा तापवावा लागेल. दोन किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी सुमारे दोन तास लागतात आणि तोवर आधी भरलेले पाणी निवत जाते.

स्लॅबला वजन झेपते का?

२२० किलो पाणी, ७० किलोंचा माणूस आणि ४५ किलोंचा ॲक्रिलिक टब मिळून ३३५ किलो होतात. टबच्या जागेवर हा भार दर चौरस मीटरला सुमारे २६० किलो पडतो. ओतीव लोखंडाचा टब असेल तर साधारण ३४५ किलो. निवासी बाथरूमसाठी भारतीय मानक ‘आयएस ८७५’मध्ये वापराचा भार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो धरला जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही. मानक पूर्ण जागेवर पसरलेला भार धरते आणि संकल्पनात सुरक्षेची जादा ताकदही असते. पण जुन्या इमारतीत, लोखंड गंजलेल्या स्लॅबवर किंवा आधीच भराव टाकलेल्या सखल बाथरूममध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरला न विचारता टब बसवू नये. दांडी-बोईसर पट्ट्यात समुद्राची खारी हवा सळ्यांचा गंज वाढवते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

जागेचेही तसेच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडास आणि बाथरूम एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटर जागा पुरते. त्यातली जवळपास निम्मी एकटा टबच घेतो.

दांडी-बोईसरसाठी हा प्रश्न वेगळा का?

या भागाचा मुख्य आधार सूर्या नदीचे पाणी. धामणी धरणाचा मूळ हेतू डहाणू, विक्रमगड आणि पालघरमधील सुमारे १४,६९६ हेक्टर जमीन भिजवण्याचा होता. पुढे त्याच पाण्यावर तारापूर औद्योगिक वसाहत आणि शहरांच्या योजना आल्या. एमएमआरडीएची सूर्या योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. आधी इथल्या शेतीला आणि गावांना पाणी द्या, अशी स्थानिक संघटनांची मागणी राहिली आहे.

दांडी हे खाडीलगतचे मच्छीमार गाव आहे. किनाऱ्यावर विहिरींचा उपसा वाढला की समुद्राचे खारे पाणी आत शिरते, त्यामुळे अशा गावांना नळाच्या पाण्याला सहज पर्याय नसतो. नव्या इमारती आणि रिसॉर्ट टँकर किंवा बोअरवेलने टब भरतील, तेव्हा ते पाणीही याच परिसराच्या जमिनीतून किंवा योजनांतून येणार. एका घराच्या एका टबने गावाचे पाणी तुटत नाही. पण दहा खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये रोज प्रत्येक खोलीत एक टब भरला तर २,२०० लिटर होतात. ५५ लिटरच्या निकषाने ते चाळीस माणसांचे पाणी.

मग टब घेण्यापूर्वी काय विचारावे?

बिल्डरला तीन प्रश्न विचारता येतील. इमारतीला पाणी कोणत्या योजनेचे आणि रोज किती वेळ येते? बाथरूमच्या स्लॅबचे संकल्पन टब धरून केले आहे का? गरम पाण्यासाठी सौर संच किंवा मोठा गिझर आहे का? रिसॉर्ट किंवा बंगला असेल तर टबचे पाणी बागेला वळवण्याची वेगळी नळजोडणी बांधकामावेळीच करून घेणे स्वस्त पडते.

घरात वृद्ध असतील तर टबच्या उंच काठावरून आत-बाहेर करताना घसरण्याचा धोका धरावा. लहान मुलांना भरलेल्या टबजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी गरम पाण्यात डुंबण्याआधी डॉक्टरांना विचारावे. महिन्यातून एक-दोनदाच टब भरला जाणार असेल, तर त्याच जागेत चांगला शॉवर, बसायला कट्टा आणि हाताला आधाराचा दांडा बसवणे घरातील सगळ्यांच्या रोजच्या उपयोगाचे ठरेल.