घरच्या वायफायवर कंपनीचा फोन

आई-बाबांच्या घरी फोनवर बोलायची एक ठरलेली जागा होती. हॉलच्या बाल्कनीत, उजव्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीला जवळजवळ टेकून. तिथे दोन काड्या रेंज यायची. एक पाऊल मागे आलं की एक काडी, आणि हॉलमध्ये शिरलं की "हॅलो.. हॅलो.. अरे, ऐकू येतंय का?" एवढंच. आमचं पेठेतलं जुनं घर विकून दोघं पुण्याच्या पश्चिमेला, चौदाव्या मजल्यावर राहायला गेली, त्यानंतरची ही कथा. हवा मस्त, उजेड मस्त, लिफ्ट दोन-दोन. फक्त फोन लागत नाही!

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. घरात कुठलीही गोष्ट वायरने किंवा बिनवायरची चालत असेल आणि ती चालेनाशी झाली, तर ती माझी जबाबदारी. (मिक्सरसुद्धा.) त्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने आईचा फोन हातात घेतला, सेटिंग्जमध्ये शिरलो, 'वायफाय कॉलिंग' नावाचं बटण चालू केलं आणि म्हणालो, "घे. आता घरात कुठूनही बोल."

आणि खरंच लागला! बेडरूममधून, स्वयंपाकघरातून, अगदी बाथरूममधूनसुद्धा. आईने त्या दिवशी मावशीला पाऊण तास फोन केला. माझा भाव घरात एकदम वाढला.

या लेखातली तक्रार कशाबद्दल आहे ते नीट कळावं म्हणून आधी हे बटण करतं काय ते सांगतो. पुष्कळ जण म्हणतात, "त्यात काय, व्हॉट्सॲप कॉलच की." तसं नाहीये. व्हॉट्सॲपला दोन्हीकडे व्हॉट्सॲप लागतं. वायफाय कॉलिंगमध्ये तुमचा नंबर तोच, नेहमीचाच डायलर, आणि समोरच्याकडे बटणांचा साधा फोन असला किंवा लँडलाइन असली तरी चालतं. आत होतं असं की तुमचा फोन घरच्या इंटरनेटवरून तुमच्या मोबाइल कंपनीच्या एका दारापर्यंत एक कुलूपबंद बोगदा खणतो. तिथे सिम कार्ड आपली ओळख पटवून देतं. ओळख पटली की तुमचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला पन्नास तुकडे, त्या बोगद्यातून जायला लागतो. पुढे कंपनीचं नेटवर्क नेहमीसारखंच. थोडक्यात, टॉवर ते फोन हा जो शेवटचा टप्पा, तेवढा फक्त बदलला. टॉवरच्या जागी तुमचा राउटर आला.

(ऑफिसच्या वायफायवर हे चालत नसेल तर बहुधा तुमच्या नेटवर्कवाल्या मित्राने यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट बंद करून ठेवलेत. त्याला चहा पाजा.)

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत टी-मोबाइलने २००७ मध्येच टॉवर आणि वायफाय दोन्हींवर चालणारे फोन विकायला काढले होते. आपल्याकडे इंटरनेटवरून बोलायला सरकारने २००२ मध्ये परवानगी दिली, पण अर्धी. कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला कॉल करायचा, भारतातल्या फोनला नाही! सायबर कॅफेत कानाला तो कळकट हेडफोन लावून न्यू जर्सीतल्या दादाशी बोललेले लोक हे वाचत असतीलच. वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबायचं, मग दोघांनी एकदम बोलायचं, मग दोघांनी एकदम गप्प बसायचं. देशातल्या देशात पूर्ण मोकळीक मिळायला २०१८ उजाडलं. दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या, मग डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेल, जानेवारी २०२० मध्ये जिओ आणि त्याच वर्षाच्या शेवटी व्होडाफोन आयडियाने वायफाय कॉलिंग सुरू केलं.

म्हणजे तंत्र उत्तम आहे. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आता गेल्या वर्षीच्या जुलैतली एक संध्याकाळ. धो धो पाऊस. साडेसातच्या सुमाराला लाइट गेले. सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, पण तो लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. फ्लॅटमध्ये अंधार. आणि नेमकं तेव्हाच बाबांच्या छातीत दुखायला लागलं.

आईने मला फोन लावला. लागेना. परत लावला. लागेना. ताईला लावला. तोही लागेना. बाबांच्या शेजारी पलंगावर बसून ती अंधारात एकामागून एक नंबर दाबत होती. राउटर बंद आहे म्हणून फोन लागत नाही, हे तिच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. राउटर म्हणजे इंटरनेट, फोन म्हणजे फोन! शेवटी ती समोरच्या फ्लॅटचं दार ठोठवायला गेली. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम होतं, त्याला एक काडी होती. त्या काकांनीच गाडी काढली. ईसीजी नॉर्मल निघाला, ॲसिडिटी होती. बाबा रात्री अकरा वाजता घरी येऊन वरणभात जेवले.

सगळं ठीक झाल्यावर मी आईला विचारलं, "अगं, पण तू बाल्कनीत का नाही गेलीस? तिथे लागतो की!"

ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, आता घरात कुठूनही लागतो म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. (ऑफिसमधून. तिथे रेंज आहे.) पत्ता सांगितला, चौदावा मजला सांगितला, घरात अजिबात रेंज नाही म्हणून तक्रार नोंदवा म्हटलं. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण वायफाय कॉलिंग ऑन करून बघा ना." आणि तक्रार बंद!

माझा मुद्दा इथे आहे. वायफाय कॉलिंग ही सोय म्हणून आली आणि बघता बघता ती उत्तर होऊन बसली. रेंज देणं हे कंपनीचं काम. त्यासाठी आपण दर महिन्याला रिचार्ज मारतो. पण घरात शिरल्यावर कॉल वाहून नेतो तो माझा राउटर, माझं ब्रॉडबँड आणि माझी वीज. वेगळे पैसे घेत नाही, असं कंपनी अभिमानाने सांगते. अहो, तुम्ही कशाचे घेणार? शेवटच्या टप्प्याचा खर्च तर आम्ही करतोय! बरं, पैशांचंही एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण अशी की खर्चाबरोबर जबाबदारीसुद्धा गुपचूप आमच्याकडे सरकली, आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

जुनी लँडलाइन आठवा. लाइट गेले तरी काळा डबा खणखणायचा, कारण त्याला लागणारी वीज तांब्याच्या तारेतूनच एक्स्चेंजमधल्या बॅटरीवरून यायची, ४८ व्होल्ट. मोबाइल टॉवरलासुद्धा खाली बॅटऱ्या असतात. म्हणजे वीज गेल्यावर फोन चालू ठेवणं हे काम नेहमी फोन कंपनीचं होतं. राउटरला काय आहे? भिंतीतला प्लग आणि तो खाली लोंबकळणारा ॲडॅप्टर. अशा घरांत फोनसेवेची सगळी मदार आज त्या ॲडॅप्टरवर आहे.

दुसरं, ठिकाणाचं. टॉवरवरून ११२ ला कॉल गेला, तर तो कुठल्या टॉवरच्या हद्दीतून आला एवढं तरी नेटवर्कला कळतं. कॉल इंटरनेटवरून आला की हा आधार जातो. म्हणूनच अमेरिकेत हे बटण चालू करताना कंपनी तुमच्याकडून घराचा पत्ता भरून घेते, आणीबाणीत मदत कुठे पाठवायची ते कळावं म्हणून. मी आईच्या फोनवर बटण चालू केलं तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. एक टिचकी, झालं.

आता दुसरी बाजूही बघू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता कंपन्यांच्या नावाने खडे फोडतोय. रेंज न येण्याचं निम्मं कारण इमारतीतच आहे. पूर्वी भिंती विटांच्या असायच्या. आता टॉवर बांधताना ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्याच भिंती काँक्रीटच्या ओततात, आत सळयांची जाळी. वर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेल्या काचा. त्यातून ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी जरा तरी आत घुसतात, २३०० किंवा ३३०० च्या दारातच दम तोडतात. शिवाय टॉवरवरचे अँटेना खाली रस्त्याच्या दिशेने कललेले असतात. चौदाव्या मजल्यावर वरचेवर उष्टं-खरकटं काय पोचेल तेवढंच.

आणि आपण स्वतः? याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर अँटेना बसवायचा प्रस्ताव आला होता. रेडिएशन, रेडिएशन म्हणून लोकांनी तो हाणून पाडला. भारताने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे, हे तिथे कोणी बोललं नाही. बाबाही नाही. हात वर करणाऱ्यांत तेही होते! तेव्हा टॉवर नको आणि रेंज मात्र हवी, हा आपला लाडका विरोधाभास मला मान्य आहे.

पण म्हणूनच हे घरोघरी राउटरवर ढकलून सुटणारं काम नाही. इमारतीला जशी पाण्याची टाकी लागते, आग विझवायचे पाइप लागतात, तशीच आतून फिरवलेली केबल आणि मजल्या-मजल्यावर छोटे अँटेना लागतात. सगळ्या कंपन्यांना सामाईक, जनरेटरला जोडलेले. मॉलमध्ये, मेट्रोच्या भुयारात हे करतातच की. मग जिथे माणसं राहतात तिथे का नको? 'ट्राय'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन द्यायचे नियम काढले आहेत. स्विमिंग पूल आहे का, क्लब हाउस आहे का हे आपण बिल्डरला दहा वेळा विचारतो. नवा फ्लॅट बघताना हे तारांकनही विचारायला लागलो तर बिल्डर आपोआप जागा होईल.

कंपन्यांकडे माझं मागणं फारसं मोठं नाही. २०२४ च्याच नियमांनी त्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे टाकायला लावले. उत्तम. पण त्या सपाट नकाशात चौदाव्या मजल्यावरची बेडरूम कुठे दिसणार? तेव्हा एक, बटण चालू करताना स्पष्ट शब्दांत सांगा की वीज किंवा इंटरनेट गेलं तर हा फोन लागणार नाही. दोन, तिथेच पत्ता विचारा. आणि तीन, 'घरात रेंज नाही' ही तक्रार 'वायफाय कॉलिंग सुचवलं' असं लिहून बंद करू नका. ती तक्रार उघडीच आहे.

मी माझ्या परीने काय केलं? राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. हजार-दीड हजारात मिळतो आणि तीन-चार तास निभावतो. फायबर घरापर्यंत थेट येत असेल तर हे पुरतं. पण केबलवाल्याचा स्विच खाली पार्किंगमध्ये असेल तर त्यालाही बॅकअप आहे का ते विचारा. बाबांच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. आणि आईला बसवून नीट समजावलं की फोनवर वायफायचं चिन्ह नसेल तर सरळ बाल्कनीत जायचं, तुळशीपाशी.

ती म्हणाली, "मग आधीचंच बरं होतं की रे. निदान माहीत तरी होतं, कुठे जायचं ते."

असो. आज शनिवार आहे, तुम्ही घरीच असाल. एक काम करा. पाच मिनिटं राउटर बंद करा आणि फोन हातात घेऊन घरभर एक चक्कर मारा. कुठे लागतो, कुठे नाही ते बघा. मग हीच चक्कर आई-बाबांच्या घरी मारा. आणि कुठे लागतो ते त्यांना दाखवून ठेवा.