आरोग्य : हृदयातला फुगा कोणता, कशासाठी?

डॉक्टरांनी “फुग्याने उपचार करू” म्हटले की शेजारीपाजारी लगेच सांगतात, “आमच्याकडेही फुगा टाकला होता!” परंतु फुगे अनेक आहेत. अँजिओप्लास्टीचा फुगा तुंबलेली रक्तवाहिनी रुंद करतो. लहानपणी सांधेसुजीचा ताप येऊन हृदयाची झडप आकसली असेल, तर ती उघडणारा फुगा निराळा. आज सांगतो आहे तो फुगा काहीच उघडत नाही. तो विजेची वाट बंद करतो.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. नाडी वेडीवाकडी चालते, धडधड होते, धाप लागते. कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूत गेली तर लकवा होतो. खरा धोका हाच. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की, ही बिघाडाची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांतून उठते. मग त्या शिरांच्या तोंडाभोवती चट्ट्याचे कडे केले की ठिणगी आत पोहोचत नाही. पूर्वी हे कडे एकेक ठिपका भाजून करीत.

थंड फुग्याने ते एकदम होते. जांघेतून नळी नेऊन शिरेच्या तोंडाशी फुगा फुगवतात व आत नायट्रस ऑक्साइड सोडून तीन-चार मिनिटे गोठवतात. लेसरच्या फुग्यात बारीक दुर्बीण असते. डॉक्टर आतली भिंत पाहत प्रकाशाने तुकड्यातुकड्याने कडे पूर्ण करतात. शिरेचे तोंड लहानमोठे असले तरी हा फुगा जुळवून घेतो, पण वेळ अधिक लागतो. जपानने पाणी तापवून वापरायचा गरम फुगाही काढला आहे.

मग सरस कोणता? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘फायर अँड आइस’ अभ्यासात ७६२ रुग्ण होते. वर्षभरात थंड फुग्याच्या गटात शंभरात सुमारे ३५ जणांना व भाजण्याच्या गटात सुमारे ३६ जणांना पुन्हा त्रास झाला, गोळ्या लागल्या किंवा प्रक्रिया परत करावी लागली. अमेरिकेतील ३५३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१५) लेसरचा फुगाही जुन्या पद्धतीच्या बरोबरीचाच ठरला. म्हणजे नवे नाव व मोठे बिल ऐकून दिपून जाऊ नये. हे दोन्ही अभ्यास मधूनमधून उठणाऱ्या विकाराचे होते, हेही ध्यानात घ्या.

फुग्याचा एक खास धोका आहे. श्वासपटल हलवणारी नस तिथूनच जाते व तिला इजा होऊ शकते. म्हणून उजव्या बाजूला गोठवताना त्या नसेला विजेचे टोचे देतात आणि कुणीतरी रुग्णाच्या पोटावर हात ठेवून उचकीसारखा झटका चाचपत राहतो. झटका मंदावला की गोठवणे तत्काळ थांबवतात. हात ठेवणारा तो माणूस मला यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. “आपण अशा प्रक्रिया किती केल्या?” असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

प्रक्रियेनंतर ठोके सुधारले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सोडू नका. ती किमान दोन-तीन महिने लागतेच. पुढे लकव्याचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात. झडप आकसलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या बाबतीत आधी झडपेचाच विचार होतो. सांधेतापाने झडप बिघडलेल्या रुग्णांत जुनी, स्वस्त, वॉरफरिनच्या जातीची गोळी नव्या रिव्हरॉक्झाबॅनपेक्षा सरस ठरल्याचे २०२२ साली दिसले. फक्त तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या दिवशी करून घ्यावी लागते, त्या दिवशी रोजी बुडाली तरी.