अरब मागासलेले, मग आम्ही कोण?

पैनगंगेकाठच्या देऊळघाटाहून एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या शेजारचा मुसलमान मुलगा आखातात गवंडीकाम करून नुकताच परतला. तिकडच्या आभाळाला टेकलेल्या इमारतींचे त्याने वर्णन केले. त्यावरून हे गृहस्थ आम्हास विचारतात की, एवढा पैसा असून अरब लोक मनाने मागासलेलेच का? आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात: त्यांचा धर्मच तसा.

हे उत्तर आम्हास मान्य नाही. ज्या आकड्यांनी युरोप आज हिशेब करतो ते हिंदुस्थानातून अरबांकडे व अरबांकडून तिकडे गेले. बगदादेत राहून अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला. तेव्हाही धर्म हाच होता.

बरे, जुने राहू द्या. उत्तर आफ्रिकेत ट्युनिशिया नावाचा अरब देश आहे. तेथे ताहिर हद्दाद नावाचा साध्या घरचा, कामगारांच्या चळवळीत वावरलेला माणूस होऊन गेला. झैतुना या मोठ्या मशिदीच्या विद्यापीठात तो शिकला होता. 1930 साली त्याने पुस्तक लिहून दाखवून दिले की, मुलीस शिकविणे, एकाहून अधिक बायका न करणे व तलाक न्यायालयापुढे नेणे यांत धर्माला बाध येत नाही. झाले! मुल्लामौलवी खवळले, त्याची पदवी हिरावून घेतली, आणि 1935 साली ऐन छत्तिशीत तो दारिद्र्यात मेला. परंतु देश स्वतंत्र होताच 1956 साली हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने जो कायदा केला त्यात बहुपत्नीकत्व बंद झाले, तोंडी तलाक गेला व लग्नाला वधूची संमती आवश्यक ठरली. पुढे 2007 साली मुलगा असो वा मुलगी, लग्नाचे वय 18 झाले. तेलाच्या विहिरींवर गबर झालेला हा देश नव्हे.

तेलवाल्यांची गोष्ट निराळी. जेथे खजिना रयतेच्या करावर नव्हे तर जमिनीखालच्या तेलावर भरतो, तेथे राजाला रयतेपुढे हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही. सुधारणाही मग बक्षिसासारखी मिळते. सौदी अरेबियात बायांना मोटार हाकण्याची मुभा 2018 च्या जूनमध्ये मिळाली. ती मागत झगडलेल्या बायांपैकी काहींना त्याच वर्षी मे महिन्यात कैदेत टाकले होते. ट्युनिशियातही सारे गोड नाही. 2010 च्या डिसेंबरात एका हातगाडीवाल्याने सरकारी जाचाला कंटाळून स्वतःस पेटवून घेतले, त्या वणव्यात तेथील हुकूमशहा पळाला. पण 2021 साली पुन्हा राष्ट्राध्यक्षाने कायदेमंडळाला टाळे लावले. बायकांना न्याय देणारे राज्य पुरुषांचे तोंड बांधू शकते, हेही वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आणि हद्दाद काय तिकडेच झाला? चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान भगिनींना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, हीच मागणी. मोर्चात माणसे सात! 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मंडळ स्थापिले, त्याला नाव दिले मुस्लिम सत्यशोधक. जोतीरावांचा शब्द त्यांनी आपला म्हणून घेतला, आणि का घेऊ नये? 'मानव महंमद' लिहिणाऱ्या जोतीरावांना तो परका वाटला नसता. दलवाईंनाही स्वकीयांनी शिव्याच दिल्या. 1977 साली ते वारले, आणि सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तोंडी तलाक रद्द ठरविला तो 2017 साली.

आता आमच्या वाचकाच्या पत्राचा शेवट. लिहिणाऱ्याने तो सहज लिहिला आहे, आम्हास मात्र तो दोनदा वाचावा लागला. ते लिहितात, ‘यंदा कपाशीने दगा दिला, तरी थोरलीचे उरकले, दहावीत होती, पण स्थळ चांगले आले.’ म्हणजे पोर पंधरा-सोळा वर्षांची. आपल्या देशात मुलीच्या लग्नाचे वय 1978 पासून 18 आहे. त्या शेजारच्या गवंड्याची बहीण बुलढाण्यास बारावीला जाते, असेही त्याच पत्रात आहे. आमचे त्यांना एवढेच विचारणे आहे की, थोरलीचे पुस्तक-दप्तर अजून घरात असेल, ते तिच्या सासरी पोचवून तिला परीक्षेस बसविण्याचे आपण जावयाशी कधी बोलणार? आणि धाकटी कितवीत आहे?