तिरडीवाल्या काकांना तिकीट कोण देणार?

विषय जरा अशुभ वाटेल. मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, मैत्री, आई आणि सबमिशन सोडून कुणी मयतीवर लिहितं का, असं रूममेटनेही विचारलं. पण डिसेंबर 2025 मध्ये आमच्या भुसावळला नऊ वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक झाली आणि नेमके त्याच सुमारास माझे आजोबा गेले. तेव्हापासून या दोन गोष्टी डोक्यात एकत्र होऊन बसल्या आहेत, त्याला मी तरी काय करू?

त्या सकाळी मोठ्या काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि ‘सामान’ आणायला नेलं. मी कॉन्व्हेंटचा. कॉफिन हा शब्द मला पाचवीत स्पेलिंगसकट पाठ होता; तिरडी दोन बांबूंची असते आणि आडव्या कामट्या सुतळीने बांधतात, हे मात्र विसाव्या वर्षी कळलं! दुकानदार काकांनी ‘बाबांची उंची किती व्हती?’ एवढंच विचारलं आणि बांबू, मडकं, पांढरं कापड, गुलाल सगळं न सांगता काढून ठेवलं. मग स्वतः घरी येऊन तिरडी बांधली. गल्लीत शंभर माणसं उभी होती, अर्धे रडत होते, अर्धे फोनवर होते. पुढे काय करायचं हे त्या एकाच माणसाला माहीत होतं. शेजारून चहा आला. सगळ्यांना कपबशीत, त्यांना यूज अँड थ्रो कपात. तो कप मीच नेऊन दिला. तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल करतो.

गंधमुक्तीपर्यंत तीन उमेदवार दारावर येऊन गेले. (बाहेरगावच्या हॉस्टेलमित्रांसाठी : दारावर येणं म्हणजे भेटायला, सांत्वनाला येणं.) पाच मिनिटं खाली मान घालून बसले. एकाने जाताना घरात मतं किती आहेत हेही मोठ्या काकांना हळूच विचारून घेतलं. आपल्याकडे पुढाऱ्याला मयत चुकवून चालत नाही. लग्न चुकलं तर माफ करतात, मयत चुकली तर पाच वर्षं लक्षात ठेवतात!

उरलेले पैसे द्यायला दुकानात गेलो तेव्हा मी गमतीने म्हटलं, “काका, तुम्हीच का नाही उभे राहत? वॉर्डातलं प्रत्येक घर तुम्हाला ओळखतं.” ते हसले. “मले कोन मत देईन रे भाऊ? मी दारात उभा राह्यलो का बाया पोरायले आत घेतीन.”

मीही हसलो. पण हॉस्टेलवर परत आल्यावर इंटरनेटवर शोधलं आणि चकित झालो. अमेरिकेत हा धंदा करणारे चक्क निवडून येतात! डेट्रॉइटचे चार्ल्स डिग्ज घ्या. वडिलांचं ‘हाऊस ऑफ डिग्ज’ हे अंत्यविधीचं मोठं दुकान होतं. वडील मिशिगनच्या सिनेटवर गेले, 1954 मध्ये मुलगा अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. 1955 मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला मिसिसिपीत चालला, तेव्हा हे खासदार तिथे जाऊन कोर्टात बसले. 1971 मध्ये काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाचे पहिले अध्यक्षही तेच. फार देवमाणूस नव्हते हं! कर्मचाऱ्यांच्या पगारात घोळ केल्याबद्दल 1978 मध्ये दोषी ठरले, 1980 मध्ये राजीनामा दिला, तुरुंगात गेले. सुटल्यावर पुन्हा मेरीलँडमध्ये अंत्यविधीचंच दुकान काढलं.

कारण साधं होतं. तिथे मरणातही गोरे-काळे वेगळे. कृष्णवर्णीयांचे अंत्यविधी त्यांच्यातलेच व्यावसायिक करायचे. त्यामुळे गिऱ्हाईक आपलं, पैसा आपला, गाड्या आणि हॉल आपले. मतदानाचा हक्क मागितला म्हणून नोकरीवरून काढणारा गोरा मालकच डोक्यावर नव्हता.

आपल्याकडे भेदभाव तसाच, पण गणित उलटं. मयतीचा सांगावा परगावी पायी पोचवायचा, सरणाची लाकडं वाहायची, हे गावात महारांवर लादलेलं काम होतं. तो धंदा नव्हता, वतन होतं, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. त्यातून इज्जत कुठली मिळणार? म्हणून आपल्याकडचं राजकारण या कामातून बाहेर पडण्यासाठी झालं. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडलं. आणि कायदेमंडळात बसूनही माणसाची काय किंमत होती? 1929 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावला बाबासाहेबांना टांग्यातून न्यायला टांगेवाले तयार नव्हते. शेवटी नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि त्यांचा पाय मोडला.

मग आता? 2019 मध्ये वाराणसीला पंतप्रधानांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून डोमराजा जगदीश चौधरींची सही होती. 2021 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. चांगलंच झालं. पण अर्जावर सूचक म्हणून चालणारा माणूस उमेदवार म्हणून का चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगेल का?

कुणी म्हणेल, नगरसेवकाला गटार, पाणी, रस्ते कळायला हवेत, तिरडीचं काय? तर महाराजा, 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावं परिशिष्ट आलं. नगरपालिकांकडे द्यायच्या 18 विषयांची ती यादी आहे, त्यात दफनभूमी आणि स्मशानभूमी स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे काकांना जे येतं ते सिलॅबसमध्येच आहे!

मागच्या शनिवारी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी गंमत म्हणून नाही. निवडून आलात तर पहिलं काम काय कराल, असं विचारलं. त्यांनी अजिबात विचार केला नाही, जणू उत्तर तयारच होतं. एका सरणाला साधारण 300 किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात ते ओलं असलं की धूर होतो, जळत नाही, रॉकेल-डिझेल शोधत घरचे लोक सैरावैरा होतात. म्हणून लाकडाला जमिनीपासून दोन फूट उंच, चारही बाजूंनी हवा खेळेल असं गोदाम. वजनकाटा लोकांच्या समोर. आणि तापीला पूर आला तरी पाणी चढणार नाही इतक्या उंचीवर एक तरी ओटा. बोलता बोलता त्यांनी बिलाच्या मागे पेनाने त्याचं स्केचही काढून दाखवलं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी पास केलं असतं.

मी विचारलं, हे कुठल्या उमेदवाराला सांगितलं का?

“इचारलं कोनी?” ते म्हणाले. तिघेही प्रचाराला त्या रस्त्याने येऊन गेले होते. शेजारच्या किराणा दुकानात चढले, पलीकडच्या मोबाईलच्या दुकानात चहा घेतला. काकांना रस्त्यावरूनच हात जोडले.